बारक्या, काटा बघ

बसायचं म्हणजे नुसतं बसायचं, असं दादाने मला फोनवर सांगितलं होतं, आणि मी, अठ्ठावन्न वर्षांचा, नव्वद किलोचा, दोन गुडघ्यांपैकी दीड गुडघा कामातून गेलेला माणूस, मी त्यावर विश्वास ठेवला, इथेच माझं चुकलं. नाही, तुम्हीच सांगा, बसण्यासारखं सोपं काम जगात दुसरं आहे का? मला बसता येतं. उभी हयात मी ऑफिसात बसून काढलीय, माझ्या बसण्याबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही. पण हे बसणं म्हणजे कसलं, तर वडिलांच्या जुन्या गाडीत, ड्रायव्हरच्या सीटवर, त्या सीटची एक स्प्रिंग कापडातून वर आलेली आणि नेमकी कुठे आलेली ते मी चारचौघांत सांगत नाही, तर तिथे बसायचं, उजवा हात किल्लीवर, उजवा पाय ॲक्सिलरेटरच्या वर हवेत, टेकवायचा नाही, आणि दोन्ही डोळे समोरच्या तेलाच्या काट्यावर. "बारक्या, काटा बघ." हो, मला अजून बारक्याच म्हणतात. नव्वद किलो.

तुम्हाला सांगतो, असे पाच रविवार गेले. पाच! सकाळी नऊला मी हजर, गाडीत बसलो, आणि बाराला उतरून घरी, कारण इंजिन सुरू करायचा दिवस आज नव्हे असं दादाला दर वेळी काही ना काही सापडायचं. एकदा पाण्याच्या पायपाचा क्लॅम्प त्याच्या मनासारखा बसेना. एकदा बॅटरीच्या तारा त्याला मळकट वाटल्या. चौथ्या रविवारी तर म्हणाला, "आज हवा दमट आहे." आता हवा दमट आहे म्हणून कपडे वाळत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण इंजिन?  मी आपला बसून.

आता हा माझा दादा कोण, तर दातांचा डॉक्टर. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तीन वर्षांपूर्वी दवाखाना बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी घरामागच्या गॅरेजमध्ये शिरून वडिलांच्या गाडीवरची ताडपत्री ओढली. ते इंजिन बाहेर काढलं, त्याचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला, धुतला, झिजलेलं ते बदललं, पुन्हा सगळं जोडलं आणि गेल्या महिन्यात साखळीला टांगून जागच्या जागी बसवलं. पण दाताचा डॉक्टर तो दाताचाच डॉक्टर हो. पाने कुठे ठेवलेत, तर स्टीलच्या ट्रेमध्ये, हिरव्या कापडाखाली, आकाराप्रमाणे. कपाळाला दिवा. इंजिनाच्या खालच्या बाजूला काय चाललंय ते बघायला तोच आपला तोंडात घालायचा बारका आरसा. आणि बोलणंही तेच. नट आवळताना इंजिनाला म्हणतो, "झालंच बरं का, आता थोडंसंच." मी एकदा सहज म्हटलं, चूळ भरायला सांग त्याला. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझी अक्कलदाढ दुखायला लागली.

आणि शेजारी वहिनी. वहिनी कशा, तर तीस वर्षं दवाखान्यात त्याच्या बाजूला वही घेऊन उभ्या राहिलेल्या. तो पेशंटच्या तोंडात डोकं घालून सांगणार, "वरचा उजवा सहावा, किडलाय," आणि त्या लिहिणार. इथेही तेच. तो बॉनेटमध्ये डोकं घालून सांगणार, "तेल, भरलं," आणि त्या वहीत बरोबरची खूण करणार. त्यांच्या एका हाताशी वही, दुसऱ्या हाताशी आग विझवायचं ते लाल नळकांडं, खांद्यावर ओला टॉवेल. मी विचारलं, "वहिनी, ओला टॉवेल कशाला?" तर म्हणाल्या, "भाऊजी, काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यावर टॉवेल असावा."

तर सहावा रविवार. सकाळी नऊ. मी बसलो. स्प्रिंगही आपल्या जागी होती. आणि दादाचा काही बहाणाच येईना. पाणी भरलं, पाण्यातली हवा काढली, पेट्रोल ताजं, पट्टा ताणलेला, हवा कोरडी. मला बॉनेटच्या फटीतून त्याची फक्त बोटं दिसत होती आणि ती बोटं, तुम्हाला सांगतो, थरथरत होती. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात सुई घालणारी बोटं.

"आधी तेल वर येऊ दे," तो म्हणाला. "प्लग काढलेत. आता किल्ली फिरवलीस तरी पेटणार नाही, नुसतं फिरेल. दहा सेकंद फिरव, थांब, परत दहा. तेल सगळीकडे पोचलं की काटा उठेल. काटा उठल्याशिवाय प्लग लावणार नाही. बारक्या, काटा बघ."

आता इथे मला तुम्हाला एक सांगितलंच पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका काट्याचं एवढं काय. तर हे इंजिन मुळात बंद का पडलं होतं? माझ्यामुळे. चौतीस वर्षांपूर्वी मी वडिलांची गाडी मागून नेली. चोवीस वर्षांचा होतो, शेजारच्या सीटवर एक मुलगी होती, पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं, ते असो. तर चालवता चालवता समोर एक छोटासा लाल दिवा लागला. मला वाटलं, काय छान दिसतोय. खरंच सांगतो, मला वाटलं, संध्याकाळ होत आलीय म्हणून लागला असेल. तो तेल संपल्याचा दिवा. तसाच तीन-चार मैल गेलो, आणि एका वळणावर इंजिनाने आधी कण्हल्यासारखं केलं, मग कट्ट असा एक आवाज, आणि संपलं. आतल्या आत सगळं घासून एकमेकांना चिकटलं. दोरीने ओढून गाडी घरी आणली. वडील बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवला, गरम होतं, हात काढला, आणि म्हणाले, "जेवलास का?" बस. तेवढंच. मग नऊ वर्षं, नोकरी संपेपर्यंत, ते बसने कामावर गेले. रोज. पावसात, उन्हात. त्या दिवसाबद्दल एका शब्दाने कधी बोलले नाहीत. दादाही नाही. ओरडले असते तर मी कधीच विसरून गेलो असतो हो. न बोललेलं कसं विसरायचं?

म्हणजे आता कळलं ना, मला त्या सीटवर कशाला बसवलं? मला तरी तेव्हा वाटलं की कळलं. दिवा दिसत नाही काय तुला? मग बस आता आणि काटा बघ. मी मनात म्हटलं, ठीक आहे, शिक्षा ती शिक्षा, चौतीस वर्षं उशिरा आली तरी. आणि बसलो.

किल्ली फिरवली. घर्र घर्र घर्र. दहा सेकंद. काटा? ढिम्म. थांबलो. परत दहा. ढिम्म. तिसऱ्यांदा. शून्यावर असा पडलेला, जसा मी रविवारी दुपारी पडतो.  वहिनींचं पेन थांबलेलं. चौथ्यांदा फिरवली, सात सेकंद, आठ सेकंद, आणि काटा हलला. आधी मला वाटलं माझी मानच हलतेय. मग तो उठला, हळूहळू, आळस देत, आणि सरळ उभा राहिला. मी म्हटलं, "दादा, उठला." तो म्हणाला, "नीट बघ." मी म्हटलं, "दादा, उठलाय, उभा राहिलाय, माझ्याकडे बघतोय." आणि हा सदुसष्ट वर्षांचा दंतवैद्य ट्रेमधला एक पाना घेऊन गॅरेजभर नाचला. वहिनी वहीच्या मागे तोंड लपवून हसत होत्या. मी? मला उतरायची परवानगी नव्हती. मी बसूनच नाचलो, आणि स्प्रिंगने मला ताबडतोब भानावर आणलं.

प्लग लावले. प्रत्येक प्लगला एक जाड काळी तार, चार प्लग, चार तारा, आणि त्या चारी तारा एका काळ्या टोपीतून निघतात. ती टोपी ठरवते की ठिणगी कधी कुणाला. एक, तीन, चार, दोन, असा क्रम. दादा म्हणाला, "एक." वहिनींनी लिहिलं. "तीन." लिहिलं. सगळं झालं. तो बाजूला झाला, कपाळावरचा दिवा विनाकारण लावला, आणि पेशंटला सांगतात ना तसं म्हणाला, "जरासं दुखेल." कुणाला म्हणाला कुणास ठाऊक. मी किल्ली फिरवली.

फाट्!

कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर जाळ वर आला. मी गाडीत. दरवाजा जुना, आतून उघडत नाही. माझ्या डोळ्यांपुढून माझं सगळं आयुष्य गेलं, आणि ते बहुतेक ऑफिसातच होतं, त्यामुळे लवकर संपलं. दादा त्या लाल नळकांड्याकडे धावला, ते त्याला उचलेना. आणि वहिनींनी काय केलं, तर खांद्यावरचा ओला टॉवेल काढला आणि पोळीवर फडकं टाकावं तसा त्या जाळावर टाकला. विझला. टॉवेल उचलला, घडी केली, परत खांद्यावर. वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा.

पण दादाकडे बघवेना. तो पान्यांच्या पेटीवर बसला. हात गुडघ्यांमध्ये धरले. म्हणाला, "ताडपत्री टाकू परत. तीन वर्षं मी आपली स्वतःची समजूत घालत होतो. दवाखाना का बंद केला, बारक्या? हात राहिला नाही म्हणून. मग इथे कुठून येणार?" हे मला माहीत नव्हतं. आम्हा सगळ्यांना वाटलं, वय झालं, कंटाळला, बंद केला. मी गाडीतून बघतोय, बाहेर येता येत नाही. आणि तेवढ्यात आवाज आला. टक टक. वहिनी पेनाने स्टीलच्या ट्रेवर वाजवत होत्या. दोनदा.

दादाने मान वर केली. कशी केली म्हणता, जशी मागून कुणी हाक मारल्यावर माणूस करतो. "कुठली बाजू?" त्याने विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "पेशंटची की तुमची?"

आता ही काय भाषा आहे, मला कळेना. नंतर कळलं. दाताच्या डॉक्टरच्या समोर पेशंट बसला की त्याची उजवी ती ह्याची डावी. आणि माझा हा हुशार दादा घाईत असला की आयुष्यभर तिथेच गडबडायचा. लोकांसमोर बायकोने नवऱ्याला चूक कशी सांगायची? मग वहिनी पेनाने ट्रेवर दोनदा वाजवायच्या. तीस वर्षं. पेशंटांना वाटायचं, बाईंना सवय आहे. कित्येकांचे चांगले दात त्या टकटकीवर शाबूत राहिलेत आणि त्यांना पत्ता नाही.

दादा उठला, इंजिनासमोर उभा राहिला, बोटाने मोजायला लागला. "पुस्तकात काय लिहिलंय?" "पहिला प्लग पंख्याकडून," वहिनी म्हणाल्या. "आणि मी कुठून मोजला?" वहिनींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हणजे सीटच्या बाजूने. माझ्या बाजूने. मी त्याच्या दृष्टीने पेशंटची बाजू होतो! अख्खं इंजिन त्याने उलटं वाचलं होतं. जेव्हा आत हवा घ्यायला तोंड उघडलेलं, तेव्हा हा ठिणगी देत होता, मग ते थुंकणार नाही तर काय करणार? हात बरोबर होता हो त्याचा. एक नट सैल नव्हता. नुसती बाजू चुकली.

मी गाडीतून विचारलं, "वहिनी, तुम्हाला आधीच कळलं होतं, तर आधीच का नाही वाजवलं?" तर म्हणाल्या, "मला वाटलं, दात नाहीत, इंजिन आहे, इथे तरी त्यांना येत असेल."

चार तारा. दोन मिनिटांत बदलल्या. परत किल्ली. एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं, आणि धडाड करून ते लागलं. तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मुकी बसलेली वस्तू बोलायला लागली की माणसाचं काय होतं. डॅशबोर्ड थरथरायला लागला, आरसा थरथरायला लागला, माझे गाल थरथरायला लागले. सायलेन्सर फक्त अर्धाच लावलेला, म्हणजे आवाज कसला, तर गॅरेजचे पत्रे टाळ्या वाजवत होते. दादा ओरडतोय, मला दिसतंय की ओरडतोय, ऐकू येतंय कुणाला? मग त्याने पायाची खूण केली. दाब. कारण आत एक नवा दांडा घातलाय, आणि त्याच्यावर तेल उडतं ते इंजिन जोरात फिरलं तरच. पहिली वीस मिनिटं एका वेगात फिरवायचं. हळू केलं तर तो दांडा तिथेच झिजून जाणार. आणि बंद केलं तरी तेच. म्हणजे तीन वर्षांची मेहनत माझ्या उजव्या पायाखाली, आणि त्या पायाचा गुडघा कुठला, तर पूर्ण गेलेला. वीस मिनिटं. मी बसलो.

पाच मिनिटांनी पायाला मुंग्या. आठ मिनिटांनी इंजिनाला लावलेला नवा रंग तापून धूर, गॅरेज भरून गेलं, शेजारच्या बाई भिंतीवरून डोकावल्या, त्यांच्या पांढऱ्या चादरी वाळत होत्या. दहाव्या मिनिटाला दादा माझ्या खिडकीशी आला, वाकला आणि काहीतरी बोलायला लागला. चेहरा गंभीर. मला त्यातला एकच शब्द कळला. बोल्ट.

 मी ओरडलो, "कुठला बोल्ट? बंद करू?" तो ओरडला, "बंद करू नकोस." परत बोलला. मला ऐकू आलं, "तेलाचा बोल्ट सैल." मी किल्लीवर हात नेला. त्याने खिडकीतून हात घालून माझं मनगट धरलं, आणि मग तो जो ओरडला, बेंबीच्या देठापासून, ते मला ऐकू गेलं, वहिनींना गेलं, भिंतीवरच्या बाईंना गेलं आणि माझ्या अंदाजाने कोपऱ्यापर्यंत गेलं. म्हणाला, "चौतीस वर्षांपूर्वी! तेलाचा बोल्ट मी सैल ठेवला होता!"

म्हणजे काय, तर ती गाडी मी नेली त्याच्या दोन दिवस आधी दादाने घरीच तिचं तेल बदललं होतं. तीन वर्षांपूर्वी त्याने इंजिन उघडलं तेव्हा सगळे बोल्ट गंजून बसलेले, पहारीने निघेनात, आणि खालचा, जुनं तेल सोडायचा, तो एकच बोल्ट दोन बोटांनी निघाला. तो त्याने आवळलाच नव्हता. माझ्या तीन-चार मैलांत सगळं तेल रस्त्यावर. आणि हे तीन वर्षं पोटात ठेवून हा माणूस मला दर रविवारी बोलवत होता, कधी सांगू, आज सांगू, आज हवा दमट आहे. शेवटी कधी सांगितलं, तर मला ऐकू येणार नाही अशा वेळी. एवढी त्याची तयारी, आणि मी म्हटलं, "काय?"

माझा पाय हलला असणार, कारण इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा दुसरा काटा डुलायला लागला. "पाय स्थिर ठेव," तो ओरडला. मी ओरडलो, "पण लाल दिवा मी बघितला होता." तो म्हणाला, "चूक माझी." मी म्हटलं, "माझी." "तू लहान होतास." "मी चोवीस वर्षांचा होतो." "बोल्ट माझा होता." "दिवा माझा होता." हे सगळं वीस हातांवर ऐकू जाईल अशा आवाजात, माझा पाय जागचा हलवायचा नाही, त्याचा हात माझ्या मनगटावर तसाच, डोळ्यांत पाणी, पण धूर होता हो, धुराने येतंच. भिंतीवरच्या बाई शेवटी म्हणाल्या, "अहो, अर्धी अर्धी घ्या आणि ते बंद करा."

वीस मिनिटं झाली. वहिनींनी घड्याळ बघून हात वर केला, मी किल्ली फिरवली, आणि एकदम इतकं शांत झालं की मला माझ्या गुडघ्याचा आवाज ऐकू आला. दादा बॉनेटपाशी गेला. हात ठेवला. गरम होतं. पण त्याने काढला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला. मग वळून मला म्हणाला, "जेवलास का?"

 वहिनींनी बाहेरून दरवाजा उघडला, दोघांनी मला ओढून काढलं, पाय सरळ व्हायला तयार नाही, मी बसल्या आकारातच उभा राहिलो. पण मन कसं पिसासारखं झालेलं. मी म्हटलं, "दादा, जेवण नंतर. आधी एक चक्कर. आत्ताच्या आत्ता. वहिनी, मागे बसा, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

दादा पाने पुसत होता. म्हणाला, "जायला काय, जाशील. थांबशील कसा? ब्रेक कुठे बसवलेत अजून?"

मी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी वहीचं पान उलटलं. पुढच्या पानावर वर लिहिलेलं होतं, ब्रेक, आणि खाली एकाही ओळीपुढे खूण नव्हती.

"सोपं असतं," दादा म्हणाला. "मी खाली झोपून नळीतली हवा काढतो. फक्त आत एक माणूस लागतो, नुसता बसून पेडल दाबायला."

तुम्हाला सांगतो, कोण माणूस, हे मी विचारलंसुद्धा नाही. पुढच्या रविवारी नऊला यायचं की साडेनऊला, तेवढं विचारून घेतलं.